नोरा औनोर : एकच चेहरा आणि इतक्या बायका

निशिगंध (मूळ लेखन)

फिलिपिन्सची अभिनेत्री नोरा औनोर १६ एप्रिल २०२५ रोजी वयाच्या ७१व्या वर्षी गेली. तिच्या देशाने २०२२ मध्ये तिला 'राष्ट्रीय कलावंत' हा कलाक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान दिलेला होता, त्यामुळे तिचा दफनविधी शासकीय इतमामात, वीरांसाठी राखलेल्या दफनभूमीत झाला. गेली काही वर्षे मी तिचे चित्रपट मिळतील तसे, उपशीर्षकांच्या आधाराने पाहत आले आहे. तिच्या भूमिकांविषयी मराठीत सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. ते तिच्या हयातीत झाले नाही याची रुखरुख आहेच.

तिचा जन्म १९५३ चा, बिकोल विभागातल्या इरिगा गावचा. घरची परिस्थिती इतकी हलाखीची की लहानपणी ती रेल्वे स्थानकावर उतारूंना पिण्याचे पाणी विकत असे. आवाज मात्र असामान्य होता. त्या आवाजावर गायनाची मोठी स्पर्धा जिंकून ती प्रथम गायिका म्हणून आणि मग तिर्सो क्रूझ (तिसरे) या नायकाबरोबरच्या गोड, गाण्यांनी भरलेल्या चित्रपटांची नायिका म्हणून घराघरांत पोहोचली. त्या जोडीचे वेड एवढे होते की त्याने तिला भेट दिलेली एक बाहुली त्या दोघांचे मूल असल्यासारखी चाहत्यांनी डोक्यावर घेतली. त्या काळात तिथल्या पडद्यावर गोऱ्या, उंच, स्पॅनिश किंवा अमेरिकन रक्ताची छटा असलेल्या चेहऱ्यांचे राज्य होते. नोरा सावळी आणि ठेंगणी होती, बाजारात शेजारी उभी राहिलेली कुणीही मुलगी असावी तशी. तिच्या यशाने तिथल्या सौंदर्याच्या कल्पनेलाच धक्का दिला, असे तिथले समीक्षक मानतात आणि ते मला पटते.

पण माझ्या लेखनाचा विषय त्यानंतरची नोरा आहे. 'बहुरूपी अभिनय' म्हटले की आपल्याला रंगभूषा, बदललेली चाल, कमावलेला किंवा वाढवलेला देह आठवतो. नोराने यांतले जवळजवळ काहीच केले नाही. तिचा चेहरा, तिची केसांची ठेवण, तिची किंचित वाकलेली मान, सगळे चित्रपटागणिक तेच दिसते. तरीही शाळामास्तरीण, परिचारिका, मोलकरीण, कैदी, सुईण, न्यायाधीश या बायका एकमेकींत मिसळत नाहीत. तिने प्रत्येक बाईची समाजातली नेमकी जागा ओळखली आणि त्या जागेवरून जग जेवढे दिसते तेवढेच डोळ्यांत येऊ दिले, हेच तिच्या वैविध्याचे मूळ आहे असे मला वाटते.

१९७६ या एकाच वर्षातल्या दोन भूमिका घ्या. मारिओ ओ'हारा यांच्या 'तातलोंग ताओंग वालांग दियोस' (देवाविना तीन वर्षे) या चित्रपटात ती रोसारिओ आहे. जपानी ताब्यातल्या खेड्यातली ही शिक्षिका. तिचा वाग्दत्त वर जपान्यांविरुद्ध लढणाऱ्या गनिमी सैनिकांना जाऊन मिळतो. जपानी सैन्यातला एक अर्धा फिलिपिनो अधिकारी तिच्यावर बलात्कार करतो आणि पुढे, दिवस राहिल्यानंतर, उपासमार आणि भीती यांच्या कात्रीत ती त्याच माणसाशी लग्न करते. गावाच्या दृष्टीने ती फितूर ठरते. नोरा या बाईसाठी दयेची याचना करत नाही, तिचे समर्थनही करत नाही. द्वेष ओसरून त्या जागी ममता येते, तो क्षण कुठला हे प्रेक्षकाला बोट ठेवून सांगता येत नाही, इतक्या संथपणे ती तो बदल होऊ देते. फिलिपिन्समधील समीक्षकांच्या 'गावाद उरिआन' पुरस्कारांतला अभिनेत्रीचा पहिलावहिला मान याच भूमिकेला मिळाला.

त्याच वर्षी लुपिता आकिनो-काशिवाहारा यांच्या 'मिन्साय इसांग गामु-गामो' या चित्रपटात ती अमेरिकन हवाई तळाशेजारी राहणारी परिचारिका झाली. अमेरिकेला जाण्याची तिची सगळी तयारी झालेली असते आणि तळावरच्या सैनिकाच्या गोळीने तिचा धाकटा भाऊ मरतो. रानडुक्कर वाटले म्हणून गोळी झाडली, असे स्पष्टीकरण दिले जाते. माझा भाऊ डुक्कर नव्हता, माणूस होता, असे ती ओरडून सांगते तो प्रसंग फिलिपिन्समध्ये पिढ्यांच्या तोंडी आहे. रोसारिओ आतल्या आत मिटत जाणारी आणि ही परिचारिका फुटून बाहेर येणारी, आणि दोघींमध्ये काही महिन्यांचेच अंतर! त्या काळात राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लादलेला लष्करी कायदा लागू होता, हेही ध्यानात घ्यावे लागते. दिग्दर्शिका लुपिता या तुरुंगात असलेले विरोधी नेते निनॉय आकिनो यांच्या भगिनी होत्या.

मग १९८० चा 'बोना'. दिग्दर्शक लिनो ब्रोका, निर्मिती खुद्द नोराच्या संस्थेची. हा चित्रपट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. बोना ही बऱ्या घरातली मुलगी चित्रपटांत किरकोळ कामे करणाऱ्या गार्दो नावाच्या देखण्या पुरुषावर इतकी भाळते की घर सोडून त्याच्या झोपडपट्टीतल्या खोलीत राहायला जाते. ती त्याचे जेवण करते, त्याच्या आंघोळीचे पाणी तापवते, तो घरी आणत असलेल्या इतर बायका मुकाट्याने पाहते. जिच्या मागे लाखो चाहते वेडे झाले होते त्या नोराने एका चाहतीची भूमिका करणे, हे मुळातच विलक्षण आहे. आपल्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसांना तिने किती बारकाईने पाहिले असेल! चित्रपटाची सुरुवात मनिलाच्या किआपो भागातल्या काळ्या ख्रिस्तमूर्तीच्या मिरवणुकीने होते, आणि गर्दीतल्या त्या भक्तीचा धागा बोनाच्या भक्तीपर्यंत आपसूक पोहोचतो. शेवटी गार्दो तिला वाऱ्यावर सोडून निघतो तेव्हा रोजच्यासारखे तापवलेले पाणी ती त्याच्या अंगावर ओतते. त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर संताप फारसा नाही. एखादे नेहमीचे काम उरकावे तशी ती दिसते.

'हिमाला' (चमत्कार, १९८२) हा तिचा सर्वांत गाजलेला चित्रपट. दिग्दर्शक इश्माएल बेर्नाल, पटकथा रिकी ली यांची. कुपांग नावाच्या दुष्काळी गावातल्या एल्साला सूर्यग्रहणाच्या वेळी कुमारी मेरीचे दर्शन घडते. ती आजारी माणसांना बरे करू लागते आणि गावात यात्रेकरू, विक्रेते, भाड्याच्या खोल्या, दारू असे सगळे येते. एल्सा खोटे बोलते आहे की तिला खरेच काही दिसले, हे नोरा आपल्याला शेवटपर्यंत कळू देत नाही. माझ्या मते तेच या भूमिकेचे मर्म आहे. टेकडीवर हजारो माणसांसमोर ध्वनिक्षेपकात ती सांगते की चमत्कार नसतो, तो आपल्याच मनात असतो, देवही आपण घडवतो आणि शापही आपणच देतो. तेव्हाही तिचा आवाज प्रवचनकाराचा होत नाही. या प्रसंगासाठी इलोकोस नोर्ते प्रांतात सुमारे तीन हजार माणसे जमवली होती. एवढ्या गर्दीपुढे ती ठेंगणी बाई एकटी उभी आहे आणि नजर तिच्यावरून हलत नाही.

आपल्यापैकी कुणी तिचे चित्रपट पाहिले असतील तर अवश्य लिहावे. मतभेद असतील तर तेही मोकळेपणाने मांडावेत.

पूर्वतट

लेख मनापासून आवडला. मी २०११ पासून सिंगापुरात राहते, त्यामुळे १९९५ च्या 'द फ्लोर कॉन्तेम्प्लासिओन स्टोरी' या चित्रपटाविषयी लिहिणे मला भाग आहे.

फ्लोर कॉन्तेम्प्लासिओन ही सिंगापुरात घरकाम करणारी फिलिपिनो बाई. दुसरी एक फिलिपिनो घरकामगार आणि तिच्या सांभाळातला चार वर्षांचा मुलगा यांच्या खुनासाठी तिला १७ मार्च १९९५ रोजी फाशी देण्यात आले. ती निर्दोष आहे असे फिलिपिन्समध्ये असंख्य लोक मानत होते. तिथे संतापाची लाट उसळली, राजदूताला परत बोलावण्यात आले, आणि परदेशी काम करणाऱ्या नागरिकांच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी झाला. जोएल लामांगान यांचा चित्रपट फाशीनंतर तीन महिन्यांत पडद्यावर आला. कैरोच्या महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक आणि नोराला अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले.

आमच्या घरी सहा वर्षे राहून माझ्या मुलीला वाढवणाऱ्या फिलिपिनो ताई नोराचा उल्लेख नेहमी 'आते' म्हणजे थोरली बहीण असाच करीत. रविवारी सुटी असली की त्या ऑर्चर्ड रोडवरच्या लकी प्लाझात मैत्रिणींना भेटायला आणि घरी पैसे पाठवायला जात. एकदा मी त्यांना विचारले की हा चित्रपट तुम्ही पाहिला आहे का. त्या म्हणाल्या की गावी असताना पाहिला होता, इथे आल्यावर पुन्हा पाहण्याचे धाडस झाले नाही. पुढे मी तो एकटीने पाहिला. चित्रपट घाईत केल्याच्या खुणा जागोजागी दिसतात, काही प्रसंग भडक आहेत. पण तुरुंगात मुले भेटायला येतात तिथे नोरा रडणे आवरून धरते, कारण आईने रडले तर मुले घाबरतील. आपल्या मुलांना मागे ठेवून दुसऱ्याची मुले वाढवणाऱ्या बाईला हे आवरणे रोजचेच असते. मला ते माझ्या घरात दिसत होते आणि मी ते ओळखले नव्हते.

कोकणकडा

निशिगंध यांचे लेखन अभ्यासपूर्ण आहे, तरी एक शंका नोंदवतो. मी 'बोना', 'हिमाला' आणि 'दाय वूंब' हे तीन चित्रपट पाहिले आहेत. तिन्हींत ती सोसणारी बाई आहे. मोलकरीण, परिचारिका, कैदी असे व्यवसाय बदलले म्हणून भूमिका बदलली असे म्हणता येईल का? गरीब, सात्त्विक, अन्यायग्रस्त स्त्री हा एक साचा आहे आणि प्रेक्षकांना तीच नोरा हवी होती, असे मला वाटते. तिच्या सामर्थ्याबद्दल वाद नाही. 'वैविध्य' या शब्दाबद्दल आहे.

निशिगंध

कोकणकडा, आपली शंका रास्त आहे. तिच्या कामाचा सर्वांत प्रसिद्ध झालेला भाग पाहिला तर तसेच वाटते. १९७८ मध्ये एडी गार्सिया यांच्या 'अत्साय' (मोलकरीण) चित्रपटासाठी मनिलाच्या महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट कलावंताचा मान मिळाला. त्या वर्षी पुरुष आणि स्त्री यांच्यासाठी मिळून तो एकच पुरस्कार होता. तेव्हापासून ही प्रतिमा अधिकच घट्ट झाली.

तरी काही भूमिका पुढे ठेवते. 'बाकित माय काहापोन पा?' (१९९६) मध्ये ती लहानपणी लष्कराने केलेल्या हत्याकांडातून वाचलेली आणि मोठेपणी सूड घेत सुटलेली मारेकरी आहे. तिथे तिचे तेच डोळे पाहून अंगावर काटा येतो. 'नागलालायाग' (२००४) मध्ये ती वयस्कर न्यायाधीश आहे आणि एका तरुण टॅक्सीचालकाच्या प्रेमात पडते. तिथे ती चक्क लाजते, आणि पन्नाशीतल्या बाईचे ते लाजणे ती अजिबात हास्यास्पद होऊ देत नाही. 'हुस्तिस्या' (२०१४) मधली बिरिंग तर माणसांची विक्री करणाऱ्या टोळीसाठी काम करते. तिला ठाऊक असते आपण काय करतो ते, आणि घर चालवायचे म्हणून ती ते करत राहते. ही बाई सात्त्विक नाही. अन्याय तिच्यावरही होतो, पण त्यातून ती शुद्ध होऊन बाहेर पडत नाही, त्या व्यवस्थेत आणखी मुरते.

शिवाय सोसणे हेही एका प्रकारचे नसते. 'बुलाकलाक सा सिटी जेल' (१९८४) मधली गरोदर कैदी आंखेला तुरुंगातून निसटून मनिलाच्या प्राणिसंग्रहालयात लपते आणि तिथेच बाळंत होते. तिच्या सोसण्यात धावपळ आहे, दात-ओठ खाणे आहे. बोनाच्या सोसण्यात एक प्रकारची मग्नता आहे, कारण ते तिने स्वतः निवडलेले आहे आणि त्यात तिला सुखही मिळते. ते सुख नोरा लपवत नाही, म्हणून तर तो चित्रपट पाहताना अवघडल्यासारखे होते.

'दाय वूंब' आपण पाहिला आहे म्हणून त्याविषयी थोडे जास्त लिहिते. ब्रिलांते मेंदोझा यांचा हा २०१२ चा चित्रपट व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता. पुढे आशिया-पॅसिफिक स्क्रीन पुरस्कार आणि आशियाई चित्रपट पुरस्कार या दोन्ही ठिकाणी नोरा सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. तावी-तावी बेटांवरच्या बाजाउ या मुस्लिम, समुद्रावर जगणाऱ्या समाजातली शालेहा ही सुईण. शेकडो मुले जगात आणणारी ती स्वतः निपुत्रिक आहे, आणि नवऱ्याला मूल व्हावे म्हणून ती त्याच्यासाठी दुसरी बायको शोधायला स्वतःच निघते. नवऱ्याच्या भूमिकेत बेम्बोल रोको आहेत, म्हणजे 'तातलोंग ताओंग' मधला तिचा वाग्दत्त वर, ३६ वर्षांनंतर. नवऱ्या मुलीची अट असते की पहिले मूल झाले की शालेहाने दूर व्हावे. ते बाळंतपण शालेहाच करते. या चित्रपटात तिला संवाद अगदी मोजके आहेत. त्याच्या थोडेच आधी एका बिघडलेल्या शस्त्रक्रियेमुळे तिचा गाता आवाज गेला होता. ज्या आवाजाने तिला इरिगाच्या फलाटावरून उचलून आणले तो गेल्यानंतरची ही भूमिका जवळजवळ नि:शब्द असावी, याचा विचार मनातून जात नाही. शालेहाचा त्याग आपल्याला चुकीचा वाटेल. मलाही वाटतो. पण नोरा तिला त्यागमूर्ती करत नाही. लग्न जमवायला जाताना ती हुंड्याच्या रकमेची घासाघीस करणारी, नफा-तोटा जाणणारी व्यवहारी बाई आहे.

कोकणकडा

'बाकित माय काहापोन पा?' आणि 'हुस्तिस्या' मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे माझे मत अपुऱ्या आधारावर होते हे मान्य करतो. घासाघिशीचा मुद्दा मात्र पटला. त्या प्रसंगात तिला पाहून मला आमच्या गावच्या मासळी बाजारातल्या बायका आठवल्या होत्या, आणि मी त्या आठवणीचा विचारच केला नव्हता.

औदुंबर

'हिमाला' चे कथानक वाचताना कुणाही मराठी माणसाला 'देऊळ' (२०११) आठवेल. केश्याला दत्ताचे दर्शन घडते आणि बघता बघता मंगरूळ गावाचे बाजारात रूपांतर होते. दोन्ही गावांत तीच दुकाने, तीच भाड्याची घरे, तेच पुढारी. फरक मला असा जाणवला की 'देऊळ' मध्ये दर्शन झालेला माणूस हळूहळू कडेला ढकलला जातो आणि व्यवस्था त्याच्याशिवाय चालू लागते, तर 'हिमाला' मध्ये एल्सा शेवटपर्यंत मध्यभागी राहते आणि सगळ्यांचे भले-बुरे तिच्या अंगावर येऊन आदळते. बलात्कार, मैत्रिणीची आत्महत्या, गावातली रोगराई, सगळ्याचा हिशेब तिच्या दारात मागितला जातो. गिरीश कुलकर्णी यांचा केश्या बोलून, चिडून, धावून मोकळा होतो. नोराच्या एल्साला ती वाट उपलब्ध नाही, आणि ती कोंडी केवळ स्थिर उभे राहून दाखवणे हे फार कठीण काम आहे.

एक पूरक मुद्दा. तिला अशा भूमिका मिळाल्या, यापेक्षा तिने त्या मिळवल्या असे म्हटले पाहिजे. 'तातलोंग ताओंग' आणि 'बोना' हे दोन्ही तिच्याच एनव्ही प्रॉडक्शन्सचे चित्रपट. गोड प्रेमपटांवर आणखी दहा वर्षे सहज निघाली असती. स्वतःची कमाई तिने अशा विषयांत घातली ज्यांतून पैसे परत येण्याची खात्री नव्हती. वैविध्याची चर्चा करताना हे धाडसही हिशेबात धरावे.

रानवारा

सुरुवात कुठल्या चित्रपटापासून करावी, हे कृपया कुणी सांगेल का? उपशीर्षकांसह काय मिळू शकेल?

निशिगंध

रानवारा, 'हिमाला' आणि 'बोना' या दोन्ही चित्रपटांच्या प्रतींचे जतनकार्य झाले आहे. 'बोना' ची नवी प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवण्यात आली. जुन्या, धूसर प्रती पाहण्यापेक्षा या शोधाव्यात. पहिला 'हिमाला' पाहावा. त्यानंतर 'ताकलुब' (२०१५) पाहावा असे मी सुचवीन. २०१३ च्या हैयान चक्रीवादळाने उद्ध्वस्त झालेल्या ताक्लोबान शहरात हरवलेल्या मुलांचे अवशेष तरी ओळखू यावेत म्हणून खटपट करणारी आई तिने त्यात केली आहे. प्रत्यक्ष संकट झेललेल्या शहरात वावरताना ती नटी म्हणून कुठेही वेगळी पडत नाही.

औदुंबर, निर्मितीचा मुद्दा आपण नेमका मांडलात. माझ्या लेखात तो एका ओळीत उरकला गेला होता.

रानवारा

काल रात्री आईबरोबर 'हिमाला' पाहिला. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी महत्त्वाची वाक्ये मराठीत सांगत होतो. अर्ध्या तासानंतर तिने मला थांबवले. बाई काय म्हणते ते कळते आहे, तू मध्ये बोलू नकोस, असे म्हणाली. टेकडीवरचे भाषण तेवढे मी सांगितले. मग गोळी सुटते, चेंगराचेंगरी होते, एल्साला लोक हातांवरून उचलून नेतात, आणि थोड्या वेळाने तीच गर्दी गुडघ्यांवर रांगत पुन्हा प्रार्थना म्हणू लागते. आई पडद्याकडे बघत म्हणाली, "अरे, पण तिने आत्ताच सांगितलं ना यांना?"